मोडीचा भाव आणि जुन्या अवजारांचा बाजार

हे सभागृह गांधीबागेत आहे, तेव्हा सुरुवात इथूनच करू. आम्ही सहा-सात वर्षांचे असताना आईबरोबर या भागात यायचो. लग्नसराईच्या आधी, उन्हं तापायच्या सुमारास. गावाहून काटोल, काटोलहून नागपूर, आणि मग पायी. आईच्या पिशवीत एखादा चेपलेला पितळी गुंड, बुड गेलेली एखादी परात असायची. भांड्यांच्या दुकानात शेटजी आधी जुनं भांडं तराजूत टाकायचे, त्याची 'मोड' धरायचे, थोडी घट कापायचे. मग नवं भांडं त्याच तराजूत. त्याचं वजन गुणिले धातूचा भाव, अधिक घडणावळ, वजा मोड. उरलेले पैसे आई पदराच्या गाठीतून काढून द्यायची.

या हिशेबात एक गोष्ट आम्हाला तेव्हाही चमत्कारिक वाटायची. ज्या गुंडानं दहा वर्षं घराला पाणी पाजलं, त्या पाण्याची तराजूत काहीच किंमत नाही. घडणावळ गेली, वापर गेला, राहिलं फक्त वजन.

आजचा विषय हाच आहे, फक्त भांड्यांच्या जागी नांगर, इंजिन, फवारणीचा पंप, मळणीयंत्र आणि ट्रॅक्टर ठेवायचे. भंगाराचा भाव वर-खाली झाला की जुन्या शेती अवजारांच्या बाजाराचं काय होतं? आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे मागे एका मित्रानं विचारलं, "सर, तुमचा आणि कबाडाचा काय संबंध?" आम्ही म्हटलं, निवृत्त प्राध्यापकाचा आणि कबाडाचा संबंध तर अगदी जवळचा. (हशा) पण खरं उत्तर थोडं वेगळं आहे, ते पुढे येईल.

आधी जुन्या काळाकडे जाऊ. आपल्याकडे, म्हणजे वऱ्हाड-नागपूर भागात, शेतीची अवजारं प्रामुख्यानं लाकडाची होती. नांगर बाभळीचा, तिफण लाकडाची, वखर-डवऱ्याचं खोड लाकडाचं. लोखंड किती? नांगराचा फाळ, वखराची पास, डवऱ्याच्या छोट्या पासा, बंडीच्या चाकावरची धाव. लाकडी नांगर मोडला की चुलीत जायचा, त्याला जळणाची किंमत. लोखंडाचा तुकडा मात्र कधीच गावाबाहेर जात नसे. झिजलेली धाव लोहाराकडे जायची, तिची पास व्हायची. पास झिजली की तिचा विळा, विळा झिजला की खुरपं. लोहाराला खळ्यावर धान्य मिळायचं. म्हणजे गावात भंगार होतं, पण भंगाराचा भाव नव्हता. लोखंड घरातल्या घरात जन्म बदलत राहायचं.

याचा एक परिणाम आपल्या लक्षात येत नाही. संकट आलं तर शेतकऱ्यानं विकायचं काय? नांगर विकून काय मिळणार, लाकडाचा तो. बैल विकता येतो, पण दुष्काळात चारा नसतो, सगळेच बैल विकायला काढतात, आणि बैलाचा भाव पडतो. मग राहायची बाईमाणसाच्या अंगावरची चांदी आणि घरातली तांब्या-पितळेची भांडी. मध्य प्रांतात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पाठोपाठ आले. त्या काळात भांडी मोडीत घालण्याची वेळ घराघरावर आली. भांडं ही गरिबाची बँक होती, ती यासाठी. पण बँकेचा नियम असा की सगळ्यांनी एकदम पैसे काढले तर बँक बुडते. सगळं गाव एकाच महिन्यात भांडी घेऊन आलं की मोडीचा भाव उतरतो. हा नियम लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता लोखंडी नांगर. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली, असं सांगतात. लोखंडानं जमीन विषारी होते अशी लोकांची समजूत होती. १९१० मध्ये औंध संस्थानात, संस्थानिकांच्या मदतीनं, किर्लोस्करवाडीचा कारखाना सुरू झाला आणि पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. आपण तो इतिहास उद्योजकाच्या बाजूनं वाचतो, कारण शाळेत तसाच शिकवतात. शेतकऱ्याच्या बाजूनं वाचला तर आणखी एक गोष्ट दिसते. लोखंडी नांगर खोल नांगरट करतो, हे झालंच. पण तो जुना झाल्यावरही त्याचं वजन शिल्लक राहतं. वावरात चालणाऱ्या वस्तूला पहिल्यांदाच मोड मिळाली. आईच्या गुंडासारखा तोही तराजूत टाकता येऊ लागला.

आणि मोड आली की बाहेरचं जग आलं. पहिलं महायुद्ध सुरू झालं, परदेशातून येणारं लोखंड आटलं, भाव चढले. नांगराच्या कारखान्याला कच्चा माल मिळेना. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा नांगरांसाठी किर्लोस्करांना दिल्या, ही हकिकत त्या भागात आजही आवर्जून सांगितली जाते. लोक ती महाराजांच्या शेतकरीप्रेमाची गोष्ट म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. आम्हाला त्यात भंगाराचं अर्थशास्त्रही दिसतं. तोफ शेकडो वर्षं पडून होती, तोपर्यंत कुणी हात लावला नाही. लोखंडाचा भाव एका उंचीवर गेला, तेव्हाच ती तोफ 'लोखंड' झाली. वस्तू तीच, जागा तीच. फक्त भावानं तिचं नाव बदललं.

उलट दिशेची गोष्ट दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत घडली. तिथे लढाईआधी कित्येक वर्षं जुनं लोखंड जहाजं भरभरून जपानला विकलं जात होतं. ऑक्टोबर १९४० मध्ये सरकारनं ती निर्यात बंद केली. १९४२ च्या उन्हाळ्यात नेब्रास्का या शेतीप्रधान राज्यात ओमाहाच्या एका वर्तमानपत्रानं भंगार गोळा करण्याची मोहीम काढली, आणि ती इतकी गाजली की शरद ऋतूत सगळ्या देशानं तिची नक्कल केली. शेतांच्या कडेला उभी असलेली वाफेची जुनी इंजिनं, मोडके नांगर, कापणी यंत्रं सगळं भट्टीकडे निघालं. गंमत बघा, त्याच काळात नव्या शेती यंत्रांच्या उत्पादनावर सरकारनंच मर्यादा घातली होती, कारण पोलाद रणगाड्यांना हवं. म्हणजे नवं मिळत नाही, म्हणून जुनं दुरुस्त करून चालवायचं, आणि जुनं दुरुस्त करायला लागणारे सुटे भाग ज्या मोडक्या यंत्रांत आहेत ती यंत्रं देशभक्ती म्हणून भट्टीत टाकायची. दोन सरकारी आदेश, दोन्ही योग्य, आणि दोन्हींच्या मध्ये शेतकरी.

आपल्याकडेही १९४३ मध्ये लोखंडाच्या भंगारावर नियंत्रणाचा हुकूम आला. पोलादावर तो आधीच होता. युद्ध संपलं तरी परमिट काही संपलं नाही. आमच्या लहानपणी 'कंट्रोलचं लोखंड' हा शब्द होता, आणि त्याचा अर्थ 'जे मिळत नाही ते' असा होता.

त्या युद्धातून शेतीला मात्र एक अनपेक्षित देणगी मिळाली, आणि ती आपल्या विषयाच्या अगदी मध्यावर आहे. अमेरिकन फौज हिंदुस्थानात जी यंत्रसामग्री सोडून गेली, तिच्यात ट्रॅक्टर होते. त्यांचं काय करायचं? एक रस्ता होता भट्टीचा. सरकारनं दुसरा निवडला. ते ट्रॅक्टर घेऊन केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी राहिली आणि कांस गवतानं व्यापलेल्या जमिनी मोकळ्या करण्याचं काम तिनं हाती घेतलं. कांसाची मुळं इतकी खोल जातात की बैलांच्या नांगराला ती हार जात नाहीत. हे काम प्रामुख्यानं मध्य भारतात आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशात चाललं. तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी कुठली, तर हे आपलं नागपूर, १९५६ पर्यंत. १९४९ मध्ये जागतिक बँकेनं याच कामाच्या नव्या ट्रॅक्टरांसाठी भारताला एक कोटी डॉलर कर्ज दिलं. भारताला त्या बँकेनं दिलेल्या अगदी सुरुवातीच्या कर्जांपैकी ते एक. म्हणजे स्वतंत्र भारतातली मोठी ट्रॅक्टर-शेती सेकंडहँड मालावर सुरू झाली. हे कुठल्या पाठ्यपुस्तकात ठळक अक्षरात नाही, असायला हवं.

आता थोडं गणित करू. तत्त्वज्ञानाच्या माणसानं गणित केलं की लोक घाबरतात, पण हे साधं आहे. आकडे आम्ही समजण्यासाठी धरलेत, बाजारभाव म्हणून लिहून घेऊ नका.

समजा एक जुना ट्रॅक्टर आहे, पस्तीस हॉर्सपॉवरचा. इंजिन बसलंय, उभा आहे. टायर, तेल, बाकीचं काढून त्यात सोळाशे किलो लोखंड आहे. भंगाराचा भाव किलोला तीस रुपये. म्हणजे मोड अठ्ठेचाळीस हजार. हाच ट्रॅक्टर चालू झाला तर एक लाखाला जाईल. इंजिनाचं काम पंचेचाळीस हजारांचं. मेकॅनिकच्या दृष्टीनं उभ्या ट्रॅक्टरची किंमत एक लाख वजा पंचेचाळीस, म्हणजे पंचावन्न हजार. कबाडी अठ्ठेचाळीस देतो, मेकॅनिक एक्कावन्न-बावन्न देऊ शकतो. ट्रॅक्टर मेकॅनिककडे जातो, दुरुस्त होतो, आणि ज्याची नव्याची ऐपत नाही अशा एखाद्या पाच एकरवाल्याच्या दारात उभा राहतो.

आता भंगाराचा भाव तीसचा चाळीस झाला. मोड झाली चौसष्ट हजार. मेकॅनिकचे पंचावन्न जिथल्या तिथे. ट्रॅक्टर गॅसकटरखाली गेला. कुणी वाईट वागलं नाही. विकणाऱ्याला नऊ-दहा हजार जास्तच मिळाले. पण तो पाच एकरवाला, जो या व्यवहारात हजरच नव्हता, त्याचा ट्रॅक्टर वितळला.

तुम्ही म्हणाल, लोखंड महागलं की नवा ट्रॅक्टरही महागतो, मग जुन्या चालू ट्रॅक्टरचा भावही एक लाखाचा सव्वा लाख होईल, आणि मेकॅनिकला परत परवडेल. बरोबर आहे, होतं तसं. पण कधी होतं? इथे तीन घड्याळं आहेत. भंगाराचा भाव आठवड्याला बदलतो, कधी रोज. नव्या यंत्राची किंमत कंपनी वर्षातून एखाद-दोनदा बदलते. आणि शेतकऱ्याच्या हातात पैसा हंगामाला येतो, कापूस-सोयाबीन-संत्रं विकल्यावर. भंगाराचं घड्याळ सगळ्यात पुढे धावतं. बाकीची दोन घड्याळं त्याला गाठेपर्यंत जे सहा-आठ महिने जातात, त्यात जुनी यंत्रं तुटून गेलेली असतात. नंतर भाव जुळून आला तरी तुटलेलं यंत्र परत येत नाही. भाव मागे फिरतो, वस्तू फिरत नाही. आमच्या मते या सगळ्या विषयाची नस इथे आहे, आणि भाव 'शेवटी आपोआप जुळतात' म्हणणाऱ्यांकडून नेमकी हीच सुटते.

आणखी एक. ज्या अंगणात जुने ट्रॅक्टर तोडतात, ते अंगण म्हणजे गरिबांचं पार्टचं दुकान असतं. गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल, हायड्रॉलिकचा पंप, कंपनीनं बनवणं बंद केलेल्या मॉडेलचं एखादं दातेरी चाक. भाव पडलेला असतो तेव्हा कबाडी माल ठेवून घेतो, 'पडू दे, कुणीतरी येईल'. भाव चढला की त्याला धीर धरवत नाही, आणि त्यालाही व्याजाचे पैसे भरायचे असतात, दोष देऊ नका. सगळं वजनावर जातं. मग आपल्या मेकॅनिकचा पंचेचाळीस हजारांचा खर्च पन्नास-पंचावन्नवर जातो, कारण जुना पार्ट मिळत नाही आणि नवा महाग. म्हणजे भंगाराची तेजी जुन्या यंत्राला दोन्ही बाजूंनी दाबते.

आता आमचा आणि कबाडाचा संबंध. मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथात नागसेन भिक्खू आणि मिलिंद राजा यांचा रथाबद्दलचा संवाद आहे. रथ म्हणजे चाक का? आस का? दांडी का? एकेक अवयव बाजूला काढत गेलं तर रथ नावाची वेगळी वस्तू हाती लागत नाही. न्याय-वैशेषिकांनी याच्या विरुद्ध बाजू घेतली. ते म्हणाले, अवयवांहून वेगळा असा अवयवी असतो, कापड हे धाग्यांहून वेगळं द्रव्य आहे. पस्तीस वर्षं आम्ही हा वाद फळ्यावर शिकवला, आणि मागच्या बाकावरची मुलं झोपायची. मग एकदा सेंट्रल अॅव्हेन्यूच्या बाजूला एका गल्लीत जुनं मळणीयंत्र तुटताना पाहिलं आणि वाटलं, इथे आणायला हवं होतं वर्गाला. कबाडी हा पक्का नागसेनाचा शिष्य. त्याला मळणीयंत्र दिसतच नाही. पत्रा, बीड, शाफ्ट, बेअरिंग दिसतं. मेकॅनिक नैयायिक. त्याला यंत्र दिसतं. आणि कुणाचं दर्शन जिंकणार, हे गांधीबागेत नाही, दूर कुठेतरी ठरतं. (हशा) विनोद बाजूला ठेवू, पण दूर म्हणजे नेमकं कुठे, हा प्रश्न खराच आहे.

१९५६ पासून १९९२ पर्यंत आपल्याकडे पोलादावर भाडे समानीकरण होतं. भिलाईची पहिली भट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत पेटली, नागपूरहून एका दिवसाच्या अंतरावर. पण तिथलं पोलाद नागपूरला आणि मद्रासला जवळपास एकाच भावानं. पोलादाचा भाव दिल्लीत ठरायचा आणि वर्षानुवर्षं हळूहळू हलायचा. त्यामुळे मोडीचा भावही फार उड्या मारत नसे. १९९२ मध्ये पोलादाचे भाव आणि वितरण मोकळं झालं, समानीकरण गेलं. तिकडे १९८३ पासून अलंगच्या किनाऱ्यावर जहाजं तुटायला लागली होती. जालन्यात रोलिंग मिल आणि भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्ट्या वाढल्या, रायपूरलाही. नागपूरच्या पश्चिमेला एक तोंड, पूर्वेला एक. आणि बाहेरून जहाजानं येणारं भंगार त्यांना स्वस्त पडतं की महाग, यावर आपल्या गल्लीतला भाव ठरतो. जगात बाहेरून सगळ्यात जास्त भंगार घेणारा देश तुर्कस्तान. तिथल्या भट्ट्यांनी खरेदी वाढवली की त्याची लाट काही आठवड्यांत इतवारीच्या लोहाओळीपर्यंत पोचते. काटोलच्या माणसाला तुर्कस्तान नकाशावर दाखवता येणार नाही, पण त्याच्या रोटाव्हेटरची मोड तिथे ठरते.

२००८ हे वर्ष बघा. त्या वर्षी उन्हाळ्यात जगभर भंगाराचे भाव अभूतपूर्व चढले. चीनची बांधकामं आणि ऑलिंपिकचं वर्ष. गटारांची झाकणं चोरीला गेल्याच्या बातम्या देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत येत होत्या. आणि शरद ऋतूत, वित्तीय संकट आलं तसे, तेच भाव काही आठवड्यांत निम्म्याहून खाली कोसळले. आपल्या विदर्भात तो काळ कसला होता? २००६ मध्ये पंतप्रधान येऊन गेले होते, सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झालं होतं, २००८ च्या अर्थसंकल्पात देशव्यापी कर्जमाफी आली. शेतकरी अडचणीत होता, आणि अडचणीतला शेतकरी अवजार विकतो. उन्हाळ्यात विकणाऱ्याला मोड चांगली मिळाली. दिवाळीनंतर विकणाऱ्याला त्याच वजनाचे निम्मे. दोघांच्या शहाणपणात काही फरक नव्हता.

इथे भांड्यांचा तो दुष्काळातला नियम परत येतो. वाईट वर्षी जुन्या अवजारांचा पुरवठा एकदम वाढतो आणि घेणारा कुणी नसतो, कारण घेणाराही शेतकरीच. मग जुन्या चालू यंत्राचा भाव पडत पडत कुठे थांबतो? मोडीच्या भावावर. त्याच्या खाली जाऊ शकत नाही, कारण तिथे कबाडी उभा आहे. म्हणून आम्ही कबाडाच्या तेजीला सरसकट वाईट म्हणायला तयार नाही. मोडीचा भाव ही जुन्या यंत्राच्या किमतीची जमीन आहे. विकणाऱ्याला ती जमीन उंच हवी, घेणाऱ्याला खोल. आणि पुष्कळदा हे दोघं एकाच गावातले, एकाच जातीचे, एकाच कर्जाचे असतात. १९०० च्या आणि २००८ च्या शेतकऱ्यात फरक काय, तर हा शेतकरी बाईच्या अंगावरचं न काढता थ्रेशर विकू शकला. हा फरक लहान नाही.

२०२१-२२ मध्ये पुन्हा तेजी आली. युक्रेनच्या युद्धानं ती आणखी चढली. मे २०२२ मध्ये सरकारनं पोलादावर निर्यात शुल्क लावलं, नोव्हेंबरमध्ये काढलं. दरम्यान भाव खाली आले होते. त्या सहा महिन्यांत ज्यानं ज्या आठवड्यात विकलं, त्याचं नशीब.

सगळ्याच अवजारांना हा नियम सारखा लागत नाही. ट्रॅक्टरला आरसी असते, बहुधा बँकेचा बोजा असतो. तो तोडायचा तर नोंदणी रद्द करावी लागते, म्हणून तो थोडा टिकतो. नांगर, कल्टिव्हेटर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र यांना कसली आरसी? संध्याकाळी उचलला, सकाळी कापला. चोऱ्या यांच्याच होतात, आणि विहिरीवरच्या मोटारीच्या, आतल्या तांब्यासाठी. वितळलेल्या धातूवर मालकाचं नाव राहत नाही.

आणि पितळी फवारणी पंप! ज्यांचं वय साठीच्या पुढे आहे त्यांनी पाठीवर घेतला असेल. काय वस्तू होती. वॉशर बदलला की पुन्हा वीस वर्षं. प्लास्टिकचे पंप आले आणि पितळेचा भाव लोखंडाच्या कितीतरी पट, तेव्हा ते पंप चालू स्थितीत मोडीत गेले. ते निकामी झाले नव्हते, फक्त त्यांची मोड त्यांच्या कामापेक्षा महाग झाली होती. आज तुम्हाला जुन्या बाजारात लाकडी तिफण मिळेल, शोभेला म्हणून हॉटेलवाले लावतात. पितळी पंप शोधून दाखवा. इतिहासकारांनी यातून सावध व्हायला हवं. संग्रहालयात जे उरतं ते महत्त्वाचं होतं म्हणून उरत नाही, त्याला मोड नव्हती म्हणूनही उरतं.

लोहाराबद्दल दोन वाक्यं. आज गावात जो लोहार उरला आहे, तो ट्रकच्या कमानीचे जुने पाटे विकत आणतो आणि त्यातून पास, कुऱ्हाड, विळे करतो. फार चांगलं पोलाद असतं ते. म्हणजे भट्टीचा आणि लोहाराचा कच्चा माल एकच. भाव चढला की लोहार महाग पाट्याचा विळा कुणाला विकणार? शेजारच्या दुकानात कारखान्याचा विळा टांगलेला असतो. पूर्वी लोखंड गावातच जन्म बदलायचं, म्हटलं ना. आता ते जालन्याला जाऊन सळई होऊन येतं. सळई लागतेच, घरं बांधायला. पण सळईनं निंदण होत नाही.

सरकार काय करतं, हा प्रश्न येईलच. अनुदान नव्या यंत्रावर मिळतं. जुनं दुरुस्त करण्याला नाही, जुनं विकत घेण्याला नाही. यामागे कारण आहे, जुन्याची किंमत तपासणार कोण, पावत्या खोट्या होतील. ते आम्हाला मान्य आहे. पण परिणाम असा की अनुदान नव्याला वरून ओढतं आणि भंगाराचा भाव जुन्याला खालून ओढतो, मधली पायरी निघून जाते. वाहनं मोडीत काढण्याचं धोरण २०२१ मध्ये आलं. त्या वेळी जुन्या गाड्यांवरच्या हरित कराच्या प्रस्तावातून ट्रॅक्टर, टिलर, हार्वेस्टर वगळण्याची भूमिका घेतली गेली. ती आम्हाला योग्य वाटते. वर्षातले मोजके दिवस चालणारा ट्रॅक्टर आणि रोज धावणारा ट्रक यांचं वय एका पंचांगात मोजता येत नाही.

शेवटी एक घरची गोष्ट, कारण तिच्याशिवाय हे सगळं आम्ही सांगितलं तर ते अर्धं राहील. आमच्या वडिलांकडे एक ऑइल इंजिन होतं, दोन मोठ्या चाकांचं, बिडाचं, तीनेकशे किलोचं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला आलं. त्याचा टुक-टुक आवाज दोन वावरांपलीकडे ऐकू यायचा. सत्तरच्या दशकात विहिरीवर वीज आली आणि इंजिन गोठ्यात गेलं. १९७९ साली आम्ही नागपुरात तासिकेवर शिकवत होतो, प्रबंध लिहून झाला होता, टंकलेखनाचे, बांधणीचे, विद्यापीठाच्या फीचे पैसे नव्हते. शेजारच्या वावराच्या मालकाला ते इंजिन हवं होतं. त्याच्याकडे वीज आली नव्हती, संत्र्याची नवी झाडं लावली होती, पाणी मोटेनं ओढत होता. तो म्हणाला, दोन हंगामांत पैसे देतो. वडील त्याला 'बाबू' म्हणायचे, लहानपणापासूनचा तो. त्याच आठवड्यात कबाडी आला. त्या वर्षी लोखंडाला भाव बरा होता. त्यानं बाबूएवढेच पैसे सांगितले, पण रोख.

वडिलांनी आम्हाला पत्र लिहून विचारलं नाही. पैसे घेऊन स्वतः आले. आम्ही प्रबंध सादर केला, त्याचा विषय होता मूल्य आणि तथ्य यांतला भेद. बाबूकाकांनी आणखी तीन उन्हाळे मोट ओढली. त्यांच्या काही झाडांना फळ लागलं, काही वाळली. त्यांनी कधी शब्दानं काढलं नाही. पुढे गावी गेलो की संत्री मात्र पाठवायचे, टोपलीभर.

आम्ही त्या व्यवहाराचा हिशेब पुष्कळदा मांडून पाहिला. वडिलांचं चुकलं असं म्हणता येत नाही, कबाड्याचं तर नाहीच. दोन हंगाम आणि आज, यांच्यातल्या अंतराची किंमत कोण देणार, एवढाच प्रश्न होता. ती किंमत त्या वर्षी बाबूकाकांनी दिली. गावात कुणी शे-दोनशे रुपये दोन हंगाम थांबवून धरणारा असता, एखादी सोसायटी जुन्या इंजिनावर कर्ज देणारी असती, तर इंजिन त्या धुऱ्यापलीकडे गेलं असतं आणि आमचा प्रबंधही वेळेवर गेला असता. सोसायटी होती, पण ती खतासाठी आणि बियाण्यासाठी कर्ज द्यायची. जुन्या लोखंडावर कर्ज द्यायचं तिच्या कागदात कुठे बसत नव्हतं, आणि आम्ही अलीकडे गावी चौकशी केली, आजही बसत नाही.

आता प्रश्न घेऊ. मागे कुणीतरी हात वर केलाय. हां, बोला, जरा मोठ्यानं.